संशोधनापूर्वीचे वाचन

बीड जिल्ह्यातील चौसाळ्याचा परिसर अवर्षणप्रवण आहे. तेथील विहिरींच्या पाणीपातळीवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रथम पूर्वसंशोधनाचा आढावा घेणे अगत्याचे ठरते. आढावा म्हणजे ग्रंथांची यादी नव्हे, की एकेका लेखाचा गोषवाराही नव्हे. एक प्रश्न ठरवून त्याभोवती निरनिराळ्या अभ्यासकांचे निष्कर्ष मांडणे व त्यांची तुलना करणे, हे त्याचे खरे स्वरूप होय.

उदाहरणार्थ, ‘जलयुक्त शिवार’ अभियान २०१४ मध्ये सुरू झाले. त्यामुळे भूजलपातळी वाढल्याचे शासनाने सांगितले. तर २०२० मध्ये विधिमंडळात सादर झालेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने या कामी फारसे यश आले नसल्याचा निष्कर्ष काढला. अशा वेळी एक बाजू घेण्यापूर्वी मोजणी कोणत्या महिन्यात झाली, त्या वर्षी पाऊस किती पडला, उसासाठी उपसा किती झाला, हे विद्यार्थ्याने तपासावे. देशातील विद्यापीठांचे अनेक प्रबंध ‘शोधगंगा’वर विनामूल्य उपलब्ध आहेत.

जेथे आधीच्या अभ्यासांची उत्तरे अपुरी पडतात, तेथून नवे संशोधन सुरू होते. असा आढावा ग्रामपंचायतीच्या हाती आल्यास फसलेल्या उपायांवर पुन्हा होणारा खर्च टळू शकेल.