घरच्या माणसाला सोडलं, तर कुणाचं काय बिघडलं?

प्रश्न : माझा भाचा आणि त्याचा मेहुणा मागे गोव्याला पोकरची स्पर्धा खेळायला गेले होते, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर. प्रवेश फी दोघांनी आपापली भरली. माणसं गळत गेली, टेबलं कमी झाली आणि दोघे नेमके एकाच टेबलावर आले. एका डावात बाकीच्यांनी पानं टाकली, हे दोघेच उरले. भाच्याकडे पाचही पानं इस्पिकची, म्हणजे फ्लश, तोही एक्क्याचा. टेबलावर उघडलेली पानं बघता त्याच्यावर कुणाचा हात जाणं शक्यच नव्हतं. मेहुण्याकडे चिप्स थोड्याच राहिल्या होत्या. तो 'चेक' म्हणाला, म्हणून ह्यानेही काही न लावता 'चेक' केलं. पानं उघडल्याबरोबर समोरच्या एकाने हरकत घेतली आणि भाच्याला एक फेरी खेळाबाहेर ठेवलं. आम्ही मुरबाडकर गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती मांडतो. घरच्या माणसाचे पैसे संपत आले की आपण पॅक होतो, त्याला माणुसकी म्हणतात. तिथे ती लबाडी कशी ठरली? आणि अशी स्पर्धा आम्ही गणपतीत गावात भरवली तर?
— एक वाचक, मुरबाड

उत्तर : तुमच्या भाच्याचा हेतू वाईट नव्हता हे मी धरून चालतो. तरी हरकत घेणाऱ्याचं बरोबर होतं.

जागरणाच्या डावात तुम्ही पॅक होता तेव्हा तुमच्या हातचं मेहुण्याच्या हातात जातं. नुकसान तुमचं, मर्जी तुमची. बाजूच्याने आधीच पानं टाकलेली असतात, त्याच्या खिशाला धक्का लागत नाही. कंटाळा आला तर तो उरलेले पैसे उचलून चहा प्यायला जाऊ शकतो. स्पर्धेत तसं नसतं. तिथल्या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत, मधेच उठून त्या खिडकीवर मोडता येत नाहीत. फी भरली की सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, ज्याच्या संपल्या तो बाद, आणि बक्षीस मिळतं ते तुम्ही कितवे बाद झालात त्यावर. म्हणजे दुसरा कधी बाद होतो यावर तुमचं बक्षीस अवलंबून.

समजा, १५ जणांना बक्षीस आहे आणि १६ जण उरलेत. मेहुण्याकडे जेमतेम दोन-तीन डावांपुरत्या चिप्स आहेत. भाच्याने त्या डावात त्याच्या सगळ्या चिप्स लागतील एवढं लावलं असतं आणि मेहुणा पुढे आला असता, तर तो सोळावा ठरून घरी गेला असता आणि बाकीच्या सगळ्यांचं बक्षीस पक्कं झालं असतं. भाच्याने त्याला सोडलं. तासाभराने दुसऱ्याच टेबलावरचा, ह्या दोघांना न ओळखणारा कुणी नागपूरचा माणूस सोळावा ठरतो. तो रिकाम्या हाताने जातो आणि मेहुणा बक्षीस घेतो. तुमच्या भाच्याची माणुसकी त्या नागपूरकराच्या पैशाने झाली, आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

याला पोकरवाले 'सॉफ्ट प्ले' म्हणतात. २००१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनची नियमावली जगभरच्या स्पर्धांना आधार म्हणून वापरतात. पोकर हा एकेकट्याने खेळायचा खेळ आहे, हे तीत स्पष्ट लिहिलंय. सॉफ्ट प्लेला दंड आहेच, आणि मुद्दाम हरून चिप्स दुसऱ्याच्या पदरात टाकणाऱ्याला थेट स्पर्धेबाहेर काढतात. मात्र भाच्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. सर्वांत मोठा हात असताना शेवटच्या बोलीत नुसतं चेक केलं, एवढ्यावरून दंड आपोआप होत नाही. हात ओळखण्यात चूक होऊ शकते, नवख्याची तर हमखास. संचालकाने परिस्थिती बघून ठरवायचं असतं. इथे मात्र समोर नातलग आणि त्याच्या चिप्स संपत आलेल्या. त्या खुर्चीत मी असतो तर मीही एक फेरी दिली असती.

ती फेरी कशी जाते तेही बघण्यासारखं असतं. खेळाडू टेबलापासून दूर उभा. डीलर त्याच्या जागेवर पानं वाटतो आणि लगेच ओढून घेतो. त्याची पाळी आली की सक्तीची बोली, म्हणजे ब्लाइंड, त्याच्याच चिप्समधून कापली जाते. आपला ढीग बारीक होताना लांबून बघायचा, बोलायचं काही नाही. दंड असा चढत जातो: आधी ताकीद, मग एक-दोन डाव बाहेर, मग फेरी, आणि शेवटी हकालपट्टी. हाकललेल्याच्या चिप्स खेळातून काढून टाकतात, म्हणजे त्या कुणाच्याही ढिगात भर घालत नाहीत.

एरवी विचित्र वाटणारे बरेच नियम खेळाडूंनी आपसात संगनमत करू नये याच काळजीतून आलेत. कुणी ऑल-इन गेला, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि त्या डावातली बोली संपली, की सगळ्यांची पानं तोंड वर करून ठेवायची, हरणाऱ्याचीसुद्धा. नाहीतर जिंकणारी पानं गुपचूप टाकून आपल्या माणसाला चिप्स देता आल्या असत्या. बसायच्या जागा चिठ्ठीने ठरतात. डाव चालू असताना कुठल्या भाषेत बोलायचं तेही आयोजक जाहीर करतात. जाहीर केलेल्या भाषांत मराठी नसेल आणि दोघे मुरबाडकर एकमेकांशी मराठीत काही पुटपुटले, तर 'जेवायला कुठे जायचं' एवढंच बोलले असले तरी संशय येणारच. भाच्याला हे सांगून ठेवा.

मोठ्या ठिकाणीही हे दुखणं आहे. २०२५ च्या जूनमध्ये लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधल्या एका स्पर्धेत शेवटचे दोघे उरले. त्यांतल्या एकाला, तो जिंकला तर, दुसऱ्याच एका कंपनीकडून वरचे दहा लाख डॉलर मिळणार होते. चिप्सची मोठी आघाडी दुसऱ्याकडे होती. ती बघता बघता फिरली, काही डाव असे खेळले गेले की बघणाऱ्यांच्या भुवया उंचावल्या, आणि बक्षिसवाला जिंकला. आयोजकांनी चौकशी केली आणि विजेत्याचं मानाचं कडं कुणालाच दिलं नाही. उरलेली बक्षिसाची रक्कम दोघांत वाटली. मला हा निकाल अर्धवट वाटतो. संशय एवढा पक्का होता तर पैसे का दिले, आणि नव्हता तर कडं का अडवलं? पण बंद मुठीतला समझोता सिद्ध करणं किती अवघड असतं, हेही त्यातून कळतं. काही स्पर्धांत शेवटचे खेळाडू संचालकासमोर बक्षीस उघडपणे वाटून घेतात, त्याला हरकत नसते.

हे फक्त पत्त्यांतलं नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुढच्या फेरीत सोपा प्रतिस्पर्धी यावा म्हणून बॅडमिंटनमधल्या महिला दुहेरीच्या जोड्या मुद्दाम हरू लागल्या. सर्व्हिस जाळीत मारायच्या, प्रेक्षकांची हुर्यो ऐकून घ्यायची. चार जोड्यांना घरी पाठवलं.

आता तुमच्या गणपतीतल्या स्पर्धेचं. फी गोळा करून त्यातूनच बक्षीस द्यायचं असेल तर भरवू नका. गोव्यातल्या बोटींना तिथल्या १९७६ च्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी परवानगी मिळाली आहे. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. अड्डा चालवणाऱ्यासाठी कलम ४, तिथे सापडणाऱ्यासाठी कलम ५. मंडळाने खर्चापुरती का होईना 'नाल', म्हणजे डावातला हिस्सा, काढली, की अड्डा चालवल्याचा ठपका यायला वेळ लागत नाही. कौशल्याच्या खेळाला त्या कायद्यात सूट आहे, आणि रमी हा कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं होतं. पोकरबद्दल मात्र न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला, अलाहाबादने २०२४ मध्ये कौशल्याचा मानला. हा वाद मुरबाड पोलीस ठाण्याच्या ओसरीवर बसून सोडवायची हौस कुणाला नसावी. आणि मोबाईलवर पैसे लावून खेळायचा विचार असेल, तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यावर देशभर बंदीचा कायदा केला आहे.

फीशिवाय, पैशांशिवाय खेळा. सगळ्यांना सारखे चिंचोके मोजून द्या, जागांच्या चिठ्ठ्या काढा, पानं वाटायला न खेळणारा कुणीतरी बसवा. मामा-भाचे, मेहुणे-मेहुणे सुरुवातीला वेगळ्या टेबलांवर ठेवा. शेवटी ते एकत्र येणारच, तेव्हा सॉफ्ट प्लेचा नियम आधीच वाचून दाखवा. आणि हरकत आली तर निकाल द्यायला असा माणूस नेमा, ज्याचा कुणीही सोयरा त्या मांडवात नाही. गावात असा माणूस मिळणं कठीण, शहापूरहून बोलवावा लागेल.