जुनी ॲल्युमिनियमची मोटरबोट: पैसे नेमके कुठे जातात?

मे महिना जवळ आला की मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनमध्ये घरांसमोर विकाऊ बोटी उभ्या राहू लागतात. चौदा-सोळा फुटांची ॲल्युमिनियमची बोट, मागे जुनं टू-स्ट्रोक इंजिन, खाली ट्रेलर, आणि तिन्ही मिळून किंमत हजार ते अडीच हजार डॉलर. तशीच नवी बोट घ्यायला गेलं तर पंधरा-वीस हजार सहज लागतात. मुलांना गळ टाकायची गोडी लागलेली असते, आई-बाबा उन्हाळाभर राहायला येणार असतात, तळं घरापासून अर्ध्या तासावर असतं. अशा मराठी घरात जुनी बोट घेऊन ती दुरुस्त करण्याचा विषय निघतोच. निघावाच. मात्र जाहिरातीतली किंमत हा एकूण खर्चाचा निम्म्याहून कमी भाग असतो, हे आधीच लक्षात घ्यायला हवं. उरलेला पैसा कुठे लावायचा यावर बोट घरच्यांना बसवण्याजोगी होते की नाही, ते ठरतं.

धातूची काळजी त्यातल्या त्यात कमी. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांसाठी लागणारं ॲल्युमिनियम आणि ते रिबिटांनी जोडण्याची कला दोन्ही मोकळी झाली, आणि बोटी बांधणारे त्याकडे वळले. मिनेसोटातल्या न्यूयॉर्क मिल्स गावी १९४८ मध्ये सुरू झालेली लुंड, लिटल फॉल्सची क्रेस्टलायनर, सेंट पीटरची अल्युमाक्राफ्ट ही नावं जुन्या बाजारात पुन्हा पुन्हा भेटतील. गोड्या पाण्यात या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच त्याला राखतो, म्हणून पन्नास वर्षांची बोटही अंगानं धडधाकट असू शकते. कुजतं ते तिच्या पोटातलं लाकूड आणि भिजतो तो फरशीखालचा फोम. रंग आणि खुर्च्या बघून बोट घेऊ नका. हे दोन तपासून घ्या.

त्याआधी कागद. १९७२ च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेत बनलेल्या प्रत्येक बोटीवर बारा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक असतो, पिछाडीला उजव्या अंगाला, वरच्या कडेजवळ. तो कागदावरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. बोटीला मालकीपत्र लागतं की नुसती नोंदणी पुरते, ते राज्यावर आणि बोटीच्या लांबीवर अवलंबून असतं. ट्रेलरचा कागद वेगळा. विकणारा ‘कागद नंतर देतो’ म्हणाला तर पैसेही नंतरच द्या.

मग ट्रान्सम, म्हणजे जिच्यावर इंजिन लटकतं ती मागची भिंत. बाहेरून पत्रा दिसतो, पण आत साधारण दीड इंच जाडीचं प्लायवूड असतं आणि सगळं ओझं तेच पेलतं. पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन शंभर पौंडांच्या पुढे असतं, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ते या भिंतीला हिसका देतं. इंजिन वर कलवून ठेवा, त्याच्या खालच्या टोकाला धरून हलवा आणि भिंतीकडे बघा. भिंत लवली, बोल्टांभोवती फटी उघडल्या किंवा तपकिरी पाणी पाझरलं, तर लाकूड गेलं आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकलं तर चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भदभद.

कुजलेली ट्रान्सम म्हणजे सौदा मोडलाच असं नाही, पण किंमत पाचशे डॉलरनं तरी खाली यायला हवी. काम स्वतः केलं तर पाऊण इंची चांगल्या प्लायवूडचा एक तक्ता, इपॉक्सी आणि स्टेनलेसचे बोल्ट मिळून अडीचशे-तीनशे डॉलर लागतात. दुकानात दिलं तर मजुरीच हजाराच्या आसपास जाते. प्लायवूडचे दोन थर इपॉक्सीनं एकमेकांना चिकटवायचे, कडा आणि प्रत्येक भोक इपॉक्सी पाजून बंद करायचं. लाकूड पुन्हा कुजतं ते भोकातूनच.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. दुकानात ‘प्रेशर ट्रीटेड’ म्हणून मिळणारं, वाळवी न लागणारं हिरवट लाकूड ॲल्युमिनियमच्या बोटीत वापरू नका. ते तांब्याच्या क्षारांत मुरवलेलं असतं, आणि ओलाव्यात तांबं ॲल्युमिनियमला खातं. नवी फरशी शाबूत राहते आणि तिच्याखालच्या पत्र्याला भोकं पडतात. तांब्याच्या तारेचे तुकडे, नाणी तळात पडून राहू देऊ नयेत, आणि बोटीच्या अंगाला तांबंयुक्त रंग लावू नये, तेही याच कारणानं.

दुसरी लपलेली गोष्ट फोम. पाणी भरलं तरी बोट बुडू नये म्हणून वीस फुटांपेक्षा लहान बोटींत बाकांखाली आणि फरशीखाली फोम भरलेला असतो. कोरडा असताना त्याचं एक घनफूट दोनेक पौंडांचं, आणि ते साठ पौंडांच्या आसपास वजन तरंगत ठेवतं. पण वर्षानुवर्षं उघड्यावर, पावसात आणि बर्फात पडून राहिलेल्या बोटीत तो पाणी पितो. एक घनफूट पाणी बासष्ट पौंडांहून जड. आठ घनफूट फोम निम्मा जरी भिजला तरी बोटीत अडीचशे पौंडांचं ओझं कायमचं बसलं, म्हणजे एक दणकट माणूस आणि वर एक मूल. बोटीच्या क्षमतेच्या पाटीवर माणसांचं, सामानाचं आणि इंजिनाचं मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. त्या हिशेबात हे ओझं धरलेलं नसतं. तुम्ही पाटी वाचून पाच जणांना बसवता, आणि बोट प्रत्यक्षात सहा-सात जण घेऊन उभी असते.

तपासायला सोपा उपाय आहे. ट्रक थांबतात तिथल्या वजनकाट्यावर बोट ट्रेलरसकट तोला, पंधरा-वीस डॉलर लागतील. ट्रेलर, इंजिन आणि कारखान्याच्या माहितीपत्रकातलं बोटीचं वजन वजा करा. दोन-तीनशे पौंड जास्त भरले तर फरशी उखडावी लागणार. भिजलेला फोम काढून नवा भरायला दोनशे ते तीनशे डॉलर, वर फरशीचं प्लायवूड शंभर-दीडशेचं. घरांच्या भिंतींत वापरतात ते गुलाबी किंवा निळे फोमचे तक्ते कापून बसवणं स्वस्त पडतं आणि ते पाणी फारसं पीत नाहीत. मात्र पेट्रोलनं विरघळतात, म्हणून टाकी आणि इंधनाच्या नळीपासून दूर ठेवा. फोम काढून रिकामं ठेवायचा मोह बऱ्याच जणांना होतो, बोट हलकी होते म्हणून. ज्या बोटीत मुलं बसणार, तिच्यात तो मोह टाळायलाच हवा.

रिबिटांची गळती ऐकायला वाईट, पण स्वस्तात सुटते. बोट ट्रेलरवरच ठेवून तळात चार-सहा इंच पाणी भरा, खालून बघा आणि जिथे थेंब धरतो तिथे खडूनं खूण करा. याहून जास्त भरू नका. एका गॅलनचं वजन आठ पौंडांवर असतं, आणि ट्रेलरचा कणा ते सोसेलच असं नाही. सैल रिबीट दोघांनी मिळून, एकानं आतून लोखंडाचा ठोकळा धरून आणि दुसऱ्यानं बाहेरून ठोकून, पुन्हा घट्ट करता येतं. जी निघूनच गेली आहेत तिथे बंद तोंडाची नवी बसवायची, आणि शेवटी आतून सगळ्या सांध्यांवर पातळ इपॉक्सी सीलर फिरवायचा. शंभर डॉलर. चिरलेला पत्रा मात्र ॲल्युमिनियमचं वेल्डिंग येणाऱ्याकडेच न्या.

ट्रेलरकडे कुणी बघत नाही, आणि भर हायवेवर तोच अडवतो. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी कडांना भेगा असतील तर टायर बदला. दोन टायर, दोन्ही चाकांची बेअरिंग, एलईडी दिव्यांचा संच आणि विंचचा पट्टा मिळून अडीचशे ते साडेतीनशे डॉलर. यात काटकसर करू नका.

इंजिन तपासताना सोबत कॉम्प्रेशन गेज न्या. वीस-तीस डॉलरला मिळतो, काही सुट्या भागांची दुकानं अनामत घेऊन वापरायलाही देतात. आकडा किती, यापेक्षा दोन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ते इंजिन सोडा. खालच्या गिअरमधलं तेल थोडं काढून बघा. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलं आहे, सील बदलावे लागतील. पाणी जोडल्याशिवाय इंजिन क्षणभरही सुरू करू देऊ नका, कारण थंड करणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा फिरला की लगेच फाटतो. बोट घेतल्यावर तो तसाही बदलायचाच, संच तीस ते पन्नास डॉलरचा. स्पार्क प्लग, गिअर तेल, कार्बोरेटरची किट, नवी इंधननळी आणि टाकी धरून अडीचशे ते चारशे. मेकॅनिकचा तास शंभर-दीडशे डॉलरचा, त्यामुळे एवढं तरी स्वतः शिकून घेणं फायद्याचं. एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, पण जॉन्सन-एव्हिनरूडच्या जुन्या इंजिनांचे नेहमी लागणारे भाग अजून मिळतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या मऊ करतं आणि ओलावा ओढून घेतं. मिनेसोटात बोटींसाठी इथेनॉलविरहित पेट्रोल मिळतं, तेच घ्या.

वायरिंग जुनं असेल तर दुरुस्त करत बसू नका, सगळं काढून नवं टाका. बॅटरी, फ्यूजची पट्टी, पुढचा लाल-हिरवा आणि मागचा पांढरा दिवा, तळातलं पाणी उपसणारा पंप: दोनशे ते तीनशे.

आता घरच्यांसाठीचा खर्च. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं आणि अमेरिकी कोस्ट गार्डची मान्यता असलेलं हवं. मुलाचं जॅकेट खांद्यांना धरून उचलून बघा. ते हनुवटीवर सरकलं तर मोठं होतंय. बोट चालू असताना मुलांनी ते घातलेलंच हवं, हा नियम मिनेसोटात दहा वर्षांखालच्या आणि मिशिगनमध्ये सहा वर्षांखालच्या मुलांना आहे. माझ्या मते बोटीत सगळ्यांनीच घालावं, पोहता येणाऱ्यांनीही, आणि आजी-आजोबांनी तर आवर्जून. त्यांच्यासाठी पाठ टेकायची घडीची खुर्ची, चढताना धरायला कडी आणि वर सावली एवढं केलंत तर ते पुन्हा यायला तयार होतील. सोळा फूट किंवा त्याहून लांब बोटीत फेकायची तरंगती गादीही ठेवावी लागते. जॅकेटं, गादी, नांगर, दोर, शिट्टी आणि दोन वल्ही, पाच जणांसाठी तीनशे ते चारशे डॉलर. इंजिन बंद करणारा दोर असेल तर चालवणाऱ्यानं तो अंगाला अडकवावा. एप्रिल २०२१ पासून तो वापरणं कायद्यानंही बंधनकारक आहे.

आई-बाबा गळ धरणार असतील तर त्यांचाही परवाना लागतो. मिनेसोटात बाहेरून आलेल्यांसाठी एक दिवसाचा, तीन दिवसांचा आणि आठवड्याचा परवाना मिळतो. ब्लूगिल आणि क्रॅपी हे मासे लहान असले तरी गोडे असतात, आणि हळद-तिखट-मीठ चोळून रव्यात घोळवून तळले की कोकणातल्या माणसालाही आवडतात. जवळच्या तळ्यातले मासे महिन्यातून किती खावेत याची माहिती राज्याचा आरोग्य विभाग देतो. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर माशांतल्या पाऱ्यासाठी ही माहिती जरूर बघा.

रंग सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. उघड्या पत्र्यावर आधी एच प्रायमर लागतो, नाहीतर रंग पोपडे धरून निघतो. जुन्या बोटींवर खाली पिवळसर-हिरवा झिंक क्रोमेट प्रायमर असतो, त्याची धूळ विषारी. घासताना चांगला मास्क लावा, ओलं घासा, मुलांना जवळ येऊ देऊ नका. खुर्च्या आणि रंग मिळून तीनशे ते पाचशे. फरशीवर गालिचा घालू नका. तो पाणी धरून ठेवतो आणि खालचं नवं लाकूड पुन्हा कुजवतो. पुसता येणारं व्हिनाइल घाला.

बेरीज करू. ट्रान्सम, फरशी आणि फोम मिळून साडेपाचशे ते साडेसातशे, रिबिटं शंभर, ट्रेलर अडीचशे ते साडेतीनशे, इंजिन अडीचशे ते चारशे, वीज दोनशे ते तीनशे, सुरक्षेचं सामान तीनशे ते चारशे, खुर्च्या-रंग तीनशे ते पाचशे: एकूण साधारण १,९५० ते २,८०० डॉलर. बोट दीड हजाराला मिळाली तर सगळं धरून ३,४५० ते ४,३००, आणि वर पाचएकशे हाताशी ठेवा. नोंदणी आणि विमा वेगळा. हे आकडे स्वतःच्या हातानं काम करणाऱ्याचे आहेत. भाव गावागणिक वर-खाली होतील. तेच काम पूर्णपणे दुकानाकडून करून घेतलंत तर सहा-सात हजार होतात, आणि तेवढ्यात दहा-पंधरा वर्षांची, चालू स्थितीतली बोट मिळते. वेळ नसेल तर तीच घ्या. आणि ट्रान्सम, फोम, इंजिन तिन्ही गेलेली असतील, तर बोट फुकट मिळाली तरी घेऊ नका.

बोट चालवायला काही जणांना प्रमाणपत्र लागतं: मिशिगनमध्ये ३० जून १९९६ नंतर जन्मलेल्यांना, मिनेसोटात २०२५ पासून वयानुसार टप्प्याटप्प्यानं. तळ्यातून बोट बाहेर काढलीत की तळाचं बूच उघडून सगळं पाणी तिथेच सोडा आणि शेवाळ काढून टाका. झेब्रा शिंपले या पाण्यातूनच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात, आणि बूच लावून बोट रस्त्यानं नेली तर मिनेसोटात दंड होतो.

खरेदीला सप्टेंबर-ऑक्टोबर चांगला. हिवाळाभर बोट सांभाळायची कुणाला नको असते, भाव उतरलेले असतात, आणि वसंतापर्यंत काम करायला तुम्हाला निवांत वेळ मिळतो. घेतल्या घेतल्या पहिलं काम म्हणून गिअरचं तेल बदला. आत पाणी राहिलं असेल तर जानेवारीत ते गोठून गिअरची पेटी फुटते, आणि पंधरा-वीस डॉलरच्या तेलाऐवजी पाचशे-सातशेचा गिअर आणावा लागतो.