चॉक फार्मची ओळख

मुलांनो, या वेळचा पाठ पुस्तकातला नाही, रस्त्यावरचा आहे. परदेशी शिकायला आलेल्या माणसाची वस्तीशी ओळख कशी होते, ते आपण लंडनच्या चॉक फार्म भागात फिरून पाहू. पालकांनीही सोबत यावे. मुले वाट दाखवतील, नावे तुम्ही समजावून सांगा.

नॉर्दर्न लाइनवर चॉक फार्मला उतरायचे. १९०७ साली सुरू झालेले हे स्टेशन बाहेरून गडद लाल फरशांनी मढवलेले आहे. नावात चॉक आहे म्हणून खडू शोधू नका, इथली जमीन चिकणमातीची! 'चॅल्कट्स' या जुन्या नावाचा लोकांच्या तोंडी चॉक फार्म झाला.

रुळांवरचा पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड. हा हेन्री कोण? ईटन कॉलेजची स्थापना करणारा राजा, सहावा हेन्री. इथली जमीन त्या कॉलेजच्या मालकीची होती. जवळच प्रोव्होस्ट रोड आणि फेलोज रोड आहेत. प्रोव्होस्ट म्हणजे ईटनचा प्रमुख आणि फेलोज म्हणजे त्याचे कारभारी मंडळ. जुन्या मालकाने जमिनीवर जणू सहीच करून ठेवली आहे.

आता १० नंबरचे घर. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते, तशी निळी पाटी भिंतीवर आहे. ते १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि १९२० मध्ये ते पुन्हा आले. इकडे ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात तासन् तास बसत, तिकडे मुंबईत रमाबाई ओढाताणीत संसार चालवत. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्सी. ही पाटी वाचताना रमाबाईंचीही आठवण ठेवावी, असे आम्हांला वाटते.

थोडे पुढे, चॅल्कट क्रेसेंटवर ३७ नंबरच्या घरालाही पाटी आहे, होसे रिझाल यांची. फिलिपिन्सचे हे राष्ट्रपुरुष बाबासाहेबांच्या तीस-पस्तीस वर्षे आधी, १८८८ मध्ये इथे राहायला आले. तेही त्याच वाचनालयात जात. आपल्या देशाविषयी १६०९ साली छापलेले एक स्पॅनिश पुस्तक त्यांनी तिथे हाताने उतरवून काढले आणि १८९० मध्ये स्वतःच्या टिपा घालून प्रसिद्ध केले. स्पॅनिश राज्य येण्याआधीही आपल्या लोकांची संस्कृती होती, हे त्यांना दाखवायचे होते. १८९६ मध्ये स्पॅनिश सरकारने मनिलात त्यांना गोळ्या घातल्या.

बाबासाहेबांचे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. मात्र राहत्या घराचे संग्रहालय करायला कॅम्डन कौन्सिलने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. गर्दीचा आणि गोंगाटाचा त्रास होतो, अशी शेजारच्या काही लोकांची तक्रार होती. २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. घर टिकले याचा आम्हांला आनंद आहे, पण शांत गल्लीतल्या शेजाऱ्यांचे म्हणणेही हसण्यावारी नेऊ नये. तेव्हा दारापुढे घोळक्याने उभे राहून मोठ्याने बोलायचे नाही. फोटो पटकन काढायचा, डबा मात्र प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर जाऊन खायचा. तिथून अर्धे लंडन दिसते!

शब्दार्थ: वस्ती – लोक राहतात ती जागा. ओढाताण – पैशांची तंगी. प्रबंध – पदवीसाठी लिहिलेला मोठा अभ्यासलेख.

गृहपाठ:
१. तुमच्या घराजवळच्या तीन रस्त्यांना ती नावे का पडली, ते शोधा. शेजारच्या आजीआजोबांना विचारलेत तर उत्तम.
२. तुमचे आईबाबा किंवा आजीआजोबा परदेशी आले तेव्हा पहिल्यांदा कोणत्या वस्तीत राहिले? तिथले दुकान, बसचा नंबर आणि एक शेजारी यांविषयी दहा ओळी मराठीत लिहून आणा.