पाऊस थांबला, तरी पाणी का वाढले?



ऑगस्ट २०२४ मधला पूर ओसरून शाळा पुन्हा सुरू झाली, तो दिवस तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. वर्गातले बरेच बाक रिकामे होते. काही मुले घरच्या कपड्यांतच आली होती, कारण गणवेश अजून वाळले नव्हते. सातवीतल्या एका मुलीने आपल्या भिजलेल्या वह्या व्हरांड्यात उन्हाला मांडून ठेवल्या होत्या. पाने फुगली होती, शाई पसरली होती. तिने मला विचारले, "बाई, पाऊस तर थांबला होता. मग आमच्या घरात पाणी का वाढत होते?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकातल्या 'पूर' या धड्यात एका ठिकाणी सापडत नाही. त्यासाठी आपल्याच गावाचा भूगोल वाचावा लागतो. आजच्या पाठात आपण तो वाचू.

आपली नदी

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, पश्चिमेकडे वाहत बडोद्यात येते आणि शहराच्या मधून वळणे घेत पुढे जाते. वाटेत तिला सूर्या नदीचे पाणी मिळते. पुढे ती ढाढर नदीला मिळते आणि ते सारे पाणी खंभातच्या आखातात जाते. डोंगरात तिला उतार चांगला आहे, त्यामुळे पाणी वेगाने खाली येते. बडोद्याची जमीन मात्र सपाट. इथे आल्यावर नदीची चाल मंदावते आणि ती नागमोडी होते. घाईने आलेले पाणी ज्या ठिकाणी रेंगाळते, नेमक्या त्या ठिकाणी आपले शहर वसले आहे.

नदीच्या वरच्या भागात आजवा सरोवर आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या काळात, १८९२ मध्ये, ते पूर्ण झाले. शहराची वस्ती तेव्हा लाखाच्या थोडी वर होती आणि लोकांना स्वच्छ पाणी मिळावे हा सरोवराचा मुख्य हेतू होता. आजही शहराच्या काही भागाला तिथले पाणी येते. सरोवर काठोकाठ भरले की जादा पाणी विश्वामित्रीत येते. म्हणूनच पावसाळ्यात बडोदेकर एकमेकांना दोन प्रश्न विचारतात: "आजव्याची पातळी किती?" आणि "काळाघोड्याला पाणी किती फूट?" कमाटीबागेजवळच्या काळाघोडा पुलावर नदीची पातळी मोजली जाते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

दोन पूर, दोन कारणे

आपल्या शहरात २००५, २०१४, २०१९ आणि २०२४ या वर्षी पूर आले. त्यातले शेवटचे दोन शेजारी ठेवून पाहू.

३१ जुलै २०१९ रोजी बडोदे शहरावर एका दिवसात सुमारे ५०० मि.मी., म्हणजे जवळजवळ २० इंच पाऊस पडला. आपल्याकडे वर्षभरात सरासरी जेवढा पाऊस पडतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास पाऊस एकाच दिवशी कोसळला! पाणी आकाशातून थेट शहरावर आले आणि त्याला बाहेर जायला वेळच मिळाला नाही. एका पोलीस अधिकाऱ्याने तान्ह्या बाळाला प्लॅस्टिकच्या टबात ठेवून, टब डोक्यावर घेऊन गळ्याएवढ्या पाण्यातून बाहेर काढले, ती छायाचित्रे देशभर छापून आली. ती याच पुरातली.

२०२४ ची गोष्ट वेगळी. जन्माष्टमीच्या सुमारास, २६ ऑगस्टला आणि त्याच्या आगेमागे, शहरात पाऊस जोराचा होताच. पण नदीच्या वरच्या सगळ्या प्रदेशातही तो पडत होता. ते पाणी आणि आजव्याचे पाणी खाली पोहोचायला काही तास लागले. त्यामुळे शहरातला पाऊस मंदावल्यावरही नदी चढत राहिली आणि काळाघोड्याजवळ सुमारे ३७ फुटांपर्यंत गेली. धोक्याच्या पातळीपेक्षा हे दहा फुटांहून जास्त वर होते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळाले. पाऊस आपल्या डोक्यावर थांबला होता, पण डोंगराकडून निघालेले पाणी अजून वाटेत होते. यातून एक धडा लक्षात ठेवावा. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असे नाही. नदीच्या पातळीची बातमी ऐकत राहिले पाहिजे.

कांस म्हणजे काय?

उत्तराचा दुसरा भाग आपल्या घराच्या अधिक जवळ आहे. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नाल्याला इथे गुजरातीत 'कांस' म्हणतात आणि आपल्या बडोदेकर मराठीतही तोच शब्द रुळला आहे. भूखी कांस, मासिया कांस, रूपारेल कांस ही नावे तुम्ही आजीआजोबांकडून ऐकली असतील. शहराच्या सखल भागांतले पाणी गोळा करून नदीकडे नेणे हे कांसेचे काम.

घरातल्या मोरीचे उदाहरण घ्या. मोरीत बादली उपडी केली की पाणी जाळीतून निघून जाते. जाळीवर केस आणि साबणाचा चुरा अडकला असेल तर ते तुंबते. पण समजा जाळी स्वच्छ आहे आणि बाहेरचे गटारच काठोकाठ भरले आहे, तर काय होईल? पाणी बाहेर जाणार नाहीच, उलट जाळीतून वर येईल. कांसेचे अगदी तसेच होते. नदीची पातळी कांसेच्या तोंडापेक्षा वर गेली की कांसेतले पाणी नदीत शिरू शकत नाही. ते मागे हटते आणि नदीपासून बऱ्याच दूर असलेल्या सोसायट्यांमध्येही पसरते. "आम्ही तर नदीकाठी राहत नाही," असे म्हणणाऱ्यांच्या तळमजल्यावर पाणी येते ते या वाटेने.

आता मोरीच्या जाळीवरच्या कचऱ्याचा विचार करा. कांसेत प्लॅस्टिकच्या पिशव्या, बांधकामाचा राडारोडा, माती जाऊन साठते. काही ठिकाणी कांसेवर झाकण घालून रस्ता केलेला असतो. मग आत किती गाळ साचला आहे ते वरून दिसत नाही. नदीच्या दोन्ही बाजूंना जी कोतरे होती, म्हणजे पावसाने कोरलेल्या खोल घळी, त्यांतही वर्षानुवर्षे भर पडत गेली. या कोतरांत पूर्वी पुराचे पाणी काही काळ थांबायचे आणि नदी उतरली की परत जायचे. आता त्या जागा भरल्या, पण पाणी यायचे काही थांबले नाही. त्याला थांबायला दुसरी जागा लागते आणि ती आपल्या घरांत, दुकानांत सापडते.

हे आता सरकारदरबारीही मान्य झाले आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये विश्वामित्रीचे पात्र व पूरक्षेत्र यांची हद्द आखून त्यांचे रक्षण करण्याचा आदेश दिला. २०२४ च्या पुरानंतर, २०२५ च्या पावसाळ्याआधी, शहरातल्या सुमारे २५ कि.मी. पात्रातील गाळ काढून ते रुंद व खोल करण्याचे मोठे काम झाले. काम करताना एका गोष्टीची काळजी घ्यावी लागली. आपल्या नदीत मगरी आहेत. २०२५ च्या गणनेत त्या चारशेहून अधिक आढळल्या. नदीचा काठ हे त्यांचेही घर आहे. त्यांच्या घरात पाणी फार वाढले की त्या आपल्या घराकडे येतात, हे २०२४ मध्ये आपण पाहिलेच.

पूर सगळ्यांना सारखा नसतो

दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला पूर म्हणजे दोन दिवस वीज नाही, दूध नाही. तळमजल्यावरच्याला पूर म्हणजे गाद्या, धान्य, फ्रीज, मुलांची पुस्तके. नदीकाठच्या झोपडीत राहणाऱ्याला पूर म्हणजे घरच नाही. भाजीची लारी लावणारा, रिक्षा चालवणारा, चार घरची कामे करणारी बाई, यांचे रोजचे उत्पन्न बुडते आणि खर्च मात्र वाढतो. २०२४ मध्ये गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती, म्हणजे पूर ओसरल्यावर जेमतेम आठवड्याने. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांनी त्या वर्षी आधी चिखल काढला आणि मग मखर बांधले.

पाणी ओसरल्यावर आजार येतात. पुराच्या पाण्यात मैलापाणी मिसळलेले असते. ते पिण्याच्या पाण्यात गेले की जुलाब, कावीळ, टायफॉईड होतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याचे जंतू पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. नंतर डबकी, टायर, कुंड्या यांत पाणी साचून डासांची पैदास होते आणि डेंग्यू येतो. म्हणून पुढील गोष्टी घरात सर्वांना सांगा:

१. घरात पाणी शिरू लागले की मोठ्या माणसांनी, कोरड्या जागी उभे राहून, विजेचा मुख्य स्विच बंद करावा.

२. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

३. साचलेल्या पाण्यात खेळू नये. चालावेच लागले तर पाय साबणाने धुवावेत. नंतर ताप आला तर "पुराच्या पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

४. गुणपत्रके, रेशनकार्ड, आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंच फळीवर ठेवावीत.

५. मगर किंवा साप दिसल्यास जवळ जाऊ नये. वनविभागाला कळवावे.

एक गणित आणि एक विनंती

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर बरोबर एक लिटर पाणी होते. हे सूत्र पाठ करा. समजा शाळेचे मैदान २००० चौरस मीटर आहे. १०० मि.मी. पाऊस पडला तर मैदानावर २,००,००० लिटर पाणी पडेल. १०,००० लिटरचे वीस टँकर! ३१ जुलै २०१९ च्या पावसाने हाच आकडा शंभर टँकरवर जातो.

मोकळ्या मातीत यातले काही पाणी मुरते. सिमेंटवर पडलेले जवळजवळ सगळे पाणी लगेच फाटकाबाहेर जाते. आता पालकांना आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती. पावसाळ्यात मुलांचे कपडे चिखलाने भरतात, म्हणून संपूर्ण मैदानावर सिमेंटचे ठोकळे बसवावेत, अशी सूचना पालकसभेत आली आहे. आयांची तक्रार खोटी नाही. मीही घरी गणवेश धुतले आहेत. पण शाळेच्या मागच्या बाजूची वस्ती आपल्यापेक्षा सखल आहे आणि आपल्याच काही विद्यार्थ्यांची घरे तिथे आहेत. आपल्या फाटकातून जाणारे पाणी प्रथम त्यांच्या दारात जाईल.

म्हणून माझी सूचना अशी: फाटकापासून वर्गांपर्यंत फरसबंद वाट करावी. मैदान मातीचेच ठेवावे. गच्चीचे पाणी नळाने खाली आणून शोषखड्ड्यात सोडावे आणि शोषखड्डा दर वर्षी मे महिन्यात साफ करून घ्यावा. एका शाळेच्या मैदानाने विश्वामित्रीचा पूर थांबणार नाही, हे मला माहीत आहे. मुसळधार पावसात भिजलेली मातीही एका मर्यादेनंतर पाणी घेत नाही. पण नेहमीच्या तीन-चार इंचांच्या पावसात शेजारच्या गल्लीत पाणी तुंबेल की नाही, हे अशा लहान गोष्टींवरही ठरते. शेजाऱ्याच्या दारात पाणी लोटून आपण कोरडे राहावे, हे शाळेला शोभणारे नाही.

त्या मुलीला मी एवढेच उत्तर दिले होते: "वरून येणारे पाणी अजून वाटेत होते आणि खाली जायची वाट अडलेली होती." तिने ते नव्या वहीत लिहून घेतले. पहिल्या गोष्टीवर आपला इलाज नाही. दुसऱ्या गोष्टीतली आपल्या वाटची दुरुस्ती मात्र आपल्याच हातात आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या घराची गच्ची ८० चौरस मीटर असून ५० मि.मी. पाऊस पडला, तर किती लिटर पाणी जमा होईल?

२. तुमच्या घराजवळची कांस कोणती? ती कोठून येते आणि कोठे जाते? आजीआजोबांना विचारून नकाशा काढा.

३. २०१९ आणि २०२४ च्या पुरांतील फरक चार वाक्यांत लिहा.

४. पाऊस पडत असताना, गॅलरीत किंवा खिडकीत उभे राहून, आपल्या गल्लीतले पाणी कोणत्या दिशेला वाहते ते पाहा. ते कोणाच्या दाराशी थांबते, हेही लिहा.