रविवारची मुंबई : पोराबाळांना घेऊन निघताना

मुंबईत घरच्यांबरोबर दिवस घालवायला जागा पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा खिशाला परवडणाऱ्या आहेत. तरी संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये धाकटं रडत असतं, आजीचे पाय भरून आलेले असतात आणि आई-बाबा एकमेकांशी बोलत नसतात. बहुतेक वेळा याचं कारण एकच असतं. दिवस एक आणि ठिकाणं चार. सहलीचा वेग घरातल्या सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत वयस्कर माणसाच्या चालीवर ठरवावा, असा माझा आग्रह आहे.

काय करावं

• एका दिवशी एकच ठिकाण धरावं. सकाळी राणीची बाग, दुपारी गेटवे, संध्याकाळी चौपाटी असा बेत आखला की निम्मा दिवस रस्त्यातच जातो.

• साप्ताहिक सुटी आधी बघावी. भायखळ्याची राणीची बाग आणि शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुटी आली, तर राणीची बाग त्या दिवशी उघडी ठेवून गुरुवारी बंद ठेवतात. त्यामुळे अशा आठवड्यात गुरुवारी निघणाऱ्यांनी खात्री करूनच निघावं.

• मेगाब्लॉक शनिवारीच बघून ठेवावा. मध्य किंवा हार्बरवर ब्लॉक असेल, तर लहान मुलांना घेऊन गर्दीच्या फलाटावर ताटकळण्यापेक्षा जवळची बाग गाठावी. लोकलमध्ये चढण्याआधीच कोण कोणत्या डब्यात आणि उतरल्यावर कुठल्या पुलाखाली भेटायचं, हे ठरवून टाकावं.

• राणीच्या बागेत तिकीट खिडकी उघडताच पोचावं. सकाळी पिंजऱ्यांतली हालचाल जास्त दिसते. दुपारी वाघही सावली धरून पडतो. पेंग्विन आधी बघून घ्यावेत, कारण उशीर होईल तशी तिथली रांग वाढते. मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी: हे हम्बोल्ट पेंग्विन बर्फातले नाहीत. ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, थंड सागरी प्रवाहाच्या आधाराने जगणारे.

• पेंग्विन झाले की घाई सोडावी आणि झाडांकडे वळावं. ही बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली ती मुळात वनस्पती उद्यान म्हणून. आजही तिचं खरं वैभव झाडांतच आहे, आणि तेच न बघता बहुतेक मंडळी बाहेर पडतात याचं मला फार वाईट वाटतं. कैलासपतीच्या झाडाखाली मुलांना जरा थांबवावं. त्याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून फुटतात. खाली पडलेलं फूल उचलून उघडून दाखवावं. मधोमध पिंडीसारखा भाग, त्यावर फणा धरल्यासारखा पुंकेसरांचा झुपका आणि नाकाशी नेलं की तीव्र गोड वास. वर तोफगोळ्यासारखी जड फळं लोंबत असतात, म्हणून फार वेळ बुंध्याशी बसू नये. गोरखचिंचेच्या खोडाला चार-पाच मुलांनी हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न करावा. दहा पिंजऱ्यांपेक्षा हा खेळ त्यांना जास्त दिवस आठवतो.

• संग्रहालयाबाहेरच्या दगडी हत्तीपाशी थांबून त्याची गोष्ट सांगावी. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो फुटला. तुकडे इथे आले आणि पुढे जोडून पुन्हा उभे केले. मुलांना ही गोष्ट कळली की घारापुरीला जायचा हट्ट ती स्वतःच धरतात. तो पुरवावा, पण वेगळ्या दिवशी.

• घारापुरीला आजी-आजोबा येणार असतील, तर शंभरावर पायऱ्या आहेत हे आधी सांगावं आणि गेटवेहून सकाळची लाँच पकडावी. पाण्यावरच जाताना एक तास आणि येताना एक तास धरावा.

• बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावा. खिशात पालकांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. चुकामूक झाली तर धावत सुटायचं नाही, आहे तिथेच उभं राहायचं किंवा गणवेशातल्या सुरक्षारक्षकाला गाठायचं, हे मुलाकडून एकदा म्हणवून घ्यावं.

• मलबार हिलवर जायचं असेल, तर तिथल्या निसर्ग उन्नत मार्गाची वेळ ऑनलाइन आरक्षित करावी. २०२५ मध्ये सुरू झालेला हा लाकडी मार्ग झाडांच्या शेंड्यांजवळून जातो. चालणं पाचशे मीटरच्या आत, म्हणजे आजोबांनाही झेपणारं. जवळच कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट आहे, तो बघितल्याशिवाय मुलं परतू देणार नाहीत.

काय टाळावं

• काचेवर टकटक करू नये, प्राण्यांना हाका मारू नयेत, वेफर्स टाकू नयेत. मुलं हे मोठ्यांचं बघूनच शिकतात, तेव्हा आधी काका-मामांना आवरावं.

• राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांपाशी हातात खाऊची पिशवी किंवा थंड पेयाची बाटली मिरवू नये. तिथली माकडं थेट हातातून ओढून नेतात. खाणं बंद सॅकमध्ये ठेवावं, माकडांच्या नजरेसमोर उघडू नये. कौतुकाने केळं देणं तर मुळीच नको. माणसाच्या हातात अन्न असतं हे माकडाला कळलं की पुढच्या कुटुंबातलं लेकरू ओरबाडलं जातं.

• राष्ट्रीय उद्यानात अंधार पडेपर्यंत रेंगाळू नये. हा बिबट्यांचा मुलूख आहे. मुलांना पुढे पळू देऊ नये, आडवाटेच्या झुडपात एकट्याने शी-शूला पाठवू नये. फाटकापासून कान्हेरीची लेणी काही किलोमीटर आत आहेत, म्हणून परतीची बस शेवटची धरू नये.

• पावसाळ्यात कान्हेरीच्या ओढ्यात आणि शेवाळलेल्या कातळावर मुलांना उतरवू नये. दिसायला पाणी घोट्याएवढं असतं. वर डोंगरात सर कोसळली की ते बघता बघता चढतं.

• भरतीच्या वेळी जुहू किंवा गिरगाव चौपाटीच्या पाण्यात जाऊ नये. पावसाळ्यात भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात, त्या बघाव्यात. याच दिवसांत वाळूवर निळसर फुग्यासारखे ब्लू बॉटल वाहून येतात. ते मेलेले दिसले तरी त्यांचा दंश लागतो, म्हणून मुलांना हात लावू देऊ नये. लागलाच तर जागा चोळू नये, जीवरक्षकाकडे जावं.

• मुलांना पहिल्यांदाच घालायला नवे बूट देऊ नयेत. आजीलाही नवी चप्पल नको.

• जेवणाची वेळ पुढे ढकलू नये. बाराच्या सुमारास दशम्या, बटाट्याची भाजी, काकडी उघडावी. डबा घरचा असला की रांगेत अर्धा तास वाचतो. जिथे खायला मनाई आहे तिथे मात्र डबा उघडू नये, आणि केळ्याची सालं, कागद, रिकाम्या बाटल्या पुन्हा सॅकमध्येच टाकाव्यात.

• सगळं बघून संपवायचा हट्ट धरू नये. साडेतीनला धाकटं पेंगायला लागलं, तर पक्ष्यांचे पिंजरे राहू द्यावेत आणि भायखळा स्टेशनची वाट धरावी. चारच्या लोकलमध्ये आजीला बसायला जागा मिळण्याची आशा असते, सहाच्या लोकलमध्ये ती धरू नये.