मत्स्यबीज तळ्यात सोडताना घ्यावयाची दक्षता

शेततळे खोदून झाले, पावसाने ते भरले आणि मत्स्यबीजाच्या पिशव्या गाडीतून येऊन पोचल्या, म्हणजे काम संपले अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत असते. भर दुपारी काठावर उभे राहून पिशव्या फोडल्या जातात व बोटुकली पाण्यात ओतली जाते. वर्षअखेर जाळे ओढल्यावर अपेक्षेच्या निम्मेही मासे हाती लागत नाहीत. मग कोणी बीज वाईट होते असे म्हणतो, कोणी पाण्याला दोष देतो. वस्तुतः हे नुकसान पुष्कळदा पहिल्या दोन दिवसांतच झालेले असते. मेलेली लहान बोटुकली प्रथम तळाशी जाते. ती वर येण्यापूर्वीच कुजते किंवा इतर जीव तिला खातात. त्यामुळे मालकाला काहीच दिसत नाही.

पूर्वी कटला, रोहू व मृगळ यांचे बीज नद्यांतून गोळा करून मातीच्या मडक्यांतून दूरवर नेले जाई. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात या जातींचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर बीज केंद्रांवर तयार होऊ लागले. पुढे मडक्याची जागा प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीने घेतली. सोय वाढली, परंतु एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाण्याचा धोका मात्र कायम राहिला.

धोका कशाचा ?

मासा हा थंड रक्ताचा प्राणी आहे. सभोवतालच्या पाण्याचे जे तापमान, तेच बहुतांशी त्याच्या शरीराचे. तापमान सावकाश बदलले तर तो सहन करतो. एकाएकी काही अंशांचा फरक पडला तर त्याला धक्का बसतो.

दुसरा धोका पिशवीतील पाण्याचा. प्रवासात मासे कर्बवायू सोडतात व पाणी आम्लधर्मी होते. त्यांच्या उत्सर्गातून अमोनियाही साठतो. परंतु पाणी आम्लधर्मी असेतो त्याचे विष सौम्य राहते. पिशवी उघडताच कर्बवायू निघून जाऊ लागतो, आम्लता घटते आणि तोच अमोनिया तीव्र होतो. म्हणून तापमान जुळेपर्यंत पिशवी बंद ठेवावी, आणि एकदा उघडल्यावर विलंब करू नये.

पूर्वतयारी

बीज आणण्यापूर्वी तळ्यातील पाणवनस्पती व मरळीसारखे मांसाहारी मासे काढून टाकावेत. तळ्यात चुना व शेणखत देऊन पाण्याला हिरवट रंग येऊ द्यावा. हात कोपरापर्यंत बुडविला असता तळवा अंधुक दिसावा, इतपत हिरवेपणा पुरेसा होय. विंधन विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो; ते उंचावरून धारेने पाडून तळ्यात घ्यावे व काही दिवस मुरू द्यावे.

बीज किती घ्यावे हेही आधीच ठरवावे. मिश्र मत्स्यसंवर्धनासाठी हेक्टरी ५,००० बोटुकली, म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०, हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य समजले जाते. तळे मोठे दिसते म्हणून दुप्पट बीज सोडल्याने उत्पन्न दुप्पट होत नाही. मासे खुरटे राहतात.

केंद्रावर बोटुकलीला प्रवासापूर्वी एक दिवस उपाशी ठेवलेली असावी, म्हणजे पिशवीतील पाणी घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायू असावा. वाहतूक रात्री किंवा पहाटे करावी व पिशव्यांवर ओले गोणपाट टाकावे.

सोडण्याची रीत

१. वेळ सकाळी सूर्य वर आल्यानंतरची किंवा सायंकाळची असावी. अगदी पहाटे हिरव्या पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो, तर दुपारी पाणी तापलेले असते.

२. बंद पिशव्या सावलीच्या बाजूस पाण्यावर २० ते ३० मिनिटे तरंगत ठेवाव्यात. उन्हात ठेवल्यास बंद पिशवी लवकर तापते.

३. नंतर तोंड उघडून तळ्याचे पाणी ओंजळीओंजळीने आत घालावे. आठ-दहा मिनिटांत पिशवीतील पाणी सुमारे दुप्पट व्हावे.

४. मग पिशवी पाण्यातच आडवी करावी व बोटुकली आपण होऊन बाहेर जाऊ द्यावी. उंचावरून ओतू नये व हाताने पकडू नये. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला तर तेथे रोग शिरतो.

पडताळा

प्रत्येक खेपेतील १०० बोटुकली मोजून बारीक जाळीच्या हाप्यात, त्याच तळ्यात, दोन दिवस ठेवाव्यात. त्यातील ९० जिवंत राहिल्या, तर तळ्यातही साधारण तसेच घडले असे समजावे. ५०च राहिल्या, तर बीजाची उणीव हंगाम सरण्यापूर्वी भरून काढता येते आणि चूक कोठे झाली याचाही शोध घेता येतो. पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये. दुसऱ्या दिवसापासून थोडे थोडे सुरू करावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बीज सोडताना स्वतः काठावर हजर राहावे आणि तारीख, वेळ, पिशव्यांची संख्या व हाप्यातील मोजणी यांची नोंद शेतकऱ्याच्या वहीत करवून घ्यावी. या कामास लागतो तो जेमतेम एक तास. तो वाचविण्याच्या घाईत शेतकऱ्याचे वर्ष वाया जाऊ नये.