सर्व्हर उठत नाही तेव्हा आधी हात आवरा

बिबवेवाडी आणि मार्केट यार्ड या पट्ट्यातल्या लहान कार्यालयांचे सर्व्हर सांभाळणं हा माझा व्यवसाय. आडत्यांच्या पेढ्या, सीए, दवाखाने, वाहतूकदार, सगळ्यांकडे एका कोपऱ्यात सर्व्हर असतो आणि त्यात दोन किंवा चार डिस्क रेड पद्धतीने, म्हणजे मिळून एकच डिस्क असल्यासारख्या, जोडलेल्या असतात. पुण्यात विजेची देखभाल-दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी वीज परतली की फोन येतो, "सर, सर्व्हर चालूच होत नाहीये."

या कामात एक गोष्ट मनावर कोरली गेली आहे. सर्व्हर बूट झाला नाही म्हणजे डेटा गेला, असं नाही. कायमचा गेलेला डेटा मी पाहिला आहे, पण तो बहुतेकदा नंतरच्या अर्ध्या तासात, घाबरून केलेल्या उपायांनी गेला होता.

गंगाधाम चौकाजवळच्या एका पेढीत असंच होता होता राहिलं. जीएसटी भरण्याची २० तारीख तोंडावर आली होती. वीज गेली, यूपीएसही संपला आणि वीज आल्यावर पडद्यावर एकच ओळ दिसू लागली: बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही. मी पोचलो तेव्हा तिथल्या मुलाने विंडोजचा पेनड्राइव्ह लावला होता. चार डिस्क सुट्या दिसत होत्या, त्यातल्या काही कोऱ्या. "सर, डिस्क रिकाम्याच दिसतायत. नव्याने विंडोज टाकू का?" शेठ मान हलवायच्या बेतात होते. मी आधी मशीन बंद करायला लावलं.

नंतर बायोस उघडलं तर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. दुखणं तिथेच कळलं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला होता. यूपीएसची वीज मिळत होती तोवर कुणाला कळलं नाही. पुरवठा पूर्ण तुटताच सेटिंग पुसली गेली आणि साटा पोर्ट रेडऐवजी एएचसीआय मोडवर गेले. मदरबोर्डवरच्या रेडला चार डिस्क मिळून एक ॲरे आहे हे रेड मोडमुळे कळतं. मोड बदलल्यावर त्या सुट्या आणि काही कोऱ्या दिसणारच. नवा सेल घातला, मोड पुन्हा रेडवर आणला आणि ॲरे धडधाकट दिसला. विंडोज त्या डिस्कवर टाकलं असतं, तर पेढीचे हिशेब तिथेच संपले असते.

म्हणून पहिला नियम: डिस्कवर काहीही लिहू नका. फॉरमॅट, इनिशियलाइज, नवा ॲरे, चेकडिस्क, यांतलं काहीही नाही. पडद्याचा फोटो काढा. डिस्क बाहेर काढण्याआधी प्रत्येकीवर खणाचा क्रमांक चिकटवा.

दुसरा नियम: अडलं कुठे ते शोधा. सर्व्हर टप्प्याटप्प्याने उठतो. आधी बायोस किंवा यूईएफआय जागं होतं, ते कंट्रोलर आणि डिस्क ओळखतं, एका डिस्कवरचा बूटलोडर शोधतं, बूटलोडर कर्नल चढवतो आणि कर्नल ॲरे उघडतो. डिस्कच दिसत नसतील तर केबल, वीजपुरवठा, कंट्रोलर तपासा. एकाच वेळी दोन-तीन डिस्क 'उडाल्या' तर आधी त्यांच्यात समाईक असलेल्या केबलवर किंवा बॅकप्लेनवर संशय घ्या. डिस्क दिसतात पण ॲरे नाही, तर सेटिंग किंवा कंट्रोलर. ग्रब या लिनक्स बूटलोडरचा रेस्क्यू प्रॉम्प्ट आला तर बूटलोडर अर्धाच सापडला आहे. लिनक्स इनिटरॅमएफएसवर थांबलं तर कर्नल चढला आहे, ॲरे जोडला गेलेला नाही.

लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये एक खोड वारंवार भेटते. दोन डिस्कची आरशासारखी जोडी, रेड १. पहिली डिस्क मरते. दुसरीवर सगळा डेटा शाबूत, तरी मशीन बूट होत नाही. कारण ग्रब फक्त पहिल्या डिस्कवर बसवलेला असतो. यूईएफआय मशीनमध्ये बूटचं ईएसपी पार्टिशन बहुधा ॲरेच्या बाहेर, एकाच डिस्कवर असतं. अशा वेळी लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा, ॲरे 'असेंबल' करा आणि दुसऱ्या डिस्कवर बूटलोडर बसवा. लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या साधनाची 'क्रिएट' आज्ञा मात्र देऊ नका. ती जुन्या खुणांवर नव्या खुणा लिहिते. रेड ५ सारख्या मांडणीत डिस्कचा क्रम किंवा चंक-साइज चुकली तर डेटा वाचण्याजोगा राहत नाही.

स्वतंत्र रेड कार्ड असलेल्या सर्व्हरमध्ये 'फॉरेन कॉन्फिगरेशन' असा संदेश येतो. म्हणजे डिस्कवरची मांडणी कार्डाच्या नोंदीशी जुळत नाही. समोर दोन पर्याय असतात: इंपोर्ट आणि क्लिअर. क्लिअरने डिस्कवरच्या मांडणीची नोंद पुसली जाते. इंपोर्टसुद्धा सर्व डिस्क जागेवर दिसत असतील तरच करा.

रेड ५ मध्ये एक डिस्क बाद झाली तरी काम चालतं, आणि धोका नेमका त्यातच असतो. पहिली डिस्क कधीच गळालेली असते, इशाऱ्याचे ईमेल कुणी लावलेले नसतात आणि दुसरी गेली की सर्व्हर झोपतो. तेव्हा कुणीतरी आधी गळालेली डिस्क जबरदस्तीने ॲरेत घुसवतं. तिच्यावरचा डेटा शिळा असतो, म्हणून सगळं बिघडतं. एमडीएडीएमच्या 'एक्झामिन'मध्ये प्रत्येक डिस्कचा इव्हेंट काउंट दिसतो. ज्या डिस्कचा आकडा बराच मागे आहे ती शिळी. तिला बाहेरच ठेवा. डेटा मोलाचा असेल तर उरलेल्या डिस्कची आधी हुबेहूब नक्कल काढा आणि सगळे प्रयोग नकलेवर करा.

बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली रेडची कल्पना शोधनिबंधात मांडली. डिस्क मेली तरी काम थांबू नये, हा तिचा एक मोठा हेतू. चुकून पुसलेली फाइल, व्हायरस, आग, पाणी यांवर तिच्याकडे उत्तर नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि बिबवेवाडीशेजारच्या अरण्येश्वर, सहकारनगर भागात पाणी शिरलं. एकाच डब्यातल्या चार डिस्क अशा पाण्यात एकदमच बुडतात. म्हणून रेड असला तरी बॅकअप हवाच, त्यातला एक दुसऱ्या ठिकाणी, आणि तो परत उघडून पाहिलेला.

उरलेली तयारी स्वस्त आहे. सेटिंगचे फोटो छापून सर्व्हरजवळ ठेवा. सेल वेळेवर बदला. यूपीएस संपण्याआधी सर्व्हर आपोआप बंद होईल अशी सोय करा. डिस्क गळाल्याचा ईमेल मालकाला आणि देखभाल करणाऱ्याला, दोघांनाही जाऊ द्या. दोन डिस्कची जोडी असेल तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी, बॅकअप तपासून झाल्यावर, सर्व्हर बंद करून पहिली डिस्क काढा आणि तो दुसरीवर उठतो का ते बघा. परत लावलेली डिस्क पूर्ण रीबिल्ड झाली की दुसरीही काढून बघा. उठला नाही तर दुरुस्तीला तुमच्याकडे सबंध दिवस असेल, डेटा शाबूत असेल आणि दारात कुणी खोळंबलेलं नसेल.